८६बॉक्स : काही महिने वापरल्यावर

८६बॉक्स म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुना पीसी जसाच्या तसा चालवणारं सॉफ्टवेअर (इम्युलेटर). डॉसबॉक्स आणि ८६बॉक्स एकच असं बरेच जण धरून चालतात, तसं नाहीये. डॉसबॉक्स मुळात गेमसाठी, डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) त्यात आयतं मिळतं. ८६बॉक्समध्ये अख्खी मशीन उभी करावी लागते, मदरबोर्ड निवडा, प्रोसेसर ३८६ की ४८६ ठरवा, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) मूळ रॉम फाइल घाला, मग फ्लॉपीवरून डॉस टाका. सुरुवातीला कटकट आहे, पण जुनं मशीन जपायचं तर हेच पाहिजे.

आमच्याकडे देवगडला आंब्याचा सगळा हिशोब बाबांच्या ४८६ वर, पेट्या किती गेल्या, वाशीच्या दलालाची पट्टी काय आली, सगळं टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये. खाऱ्या हवेने मदरबोर्ड खाल्ला, फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी, ज्या वाचल्या त्यांच्या इमेज (अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधली नक्कल) काढल्या (१.४४ एमबीवालीची इमेज बरोब्बर १४,७४,५६० बाइट आली पाहिजे). नंतरच्या फास्ट पेंटियमवर हा प्रोग्रॅम 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडायचा, कारण टर्बो पास्कलचं सीआरटी युनिट (स्क्रीन-कीबोर्ड सांभाळणारा तयार भाग) सुरुवातीलाच एक लूप फिरवून प्रोसेसरचा वेग मोजतं, आणि साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे तो आकडा मावतच नाही, भागाकार फसतो. ८६बॉक्समध्ये ३३ मेगाहर्ट्झचा ४८६ लावला आणि प्रोग्रॅमला हात न लावता चालू! प्रिंट दिली की डॉट मॅट्रिक्सचं पान चित्र होऊन फोल्डरमध्ये येतं, बाबांनी जुनी पट्टी मोबाइलवर मोठी करून वाचली.

पेंटियम टू वगैरे लावाल तर साध्या लॅपटॉपवर स्पीड १०० टक्क्यांच्या खाली जातो, आवाज तुटतो. ४८६ ला काही त्रास नाही.

खरी उणीव मराठीची. बाबांची पत्रं सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डवरची, हे कार्ड मशीनच्या आत बसायचं आणि डॉसच्या स्क्रीनवर देवनागरी दाखवायचं. ८६बॉक्सच्या यादीत व्हीजीए आणि साउंड कार्डं ढीगभर, जिस्ट नाही. मजकूर जात नाही, तो इस्कीत (भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या कोडमध्ये) आहे आणि युनिकोडची देवनागरी १९८८ च्या इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली, त्यामुळे कन्व्हर्ट होतो. पण ती स्क्रीन, ती अक्षरं, मराठी टाइप करायची ती पद्धत परत दिसत नाही, आणि कुणी प्रोग्रॅमर ते लिहायला बसला तरी खरं कार्ड समोर असल्याशिवाय लिहिणार कशावरून? मला याचं फार वाईट वाटतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाच्या माळ्यावर असं कार्ड असेल तर प्लीज भंगारात देऊ नका, सिलिका जेल टाकून घट्ट डब्यात ठेवा, आणि चिप वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर पावसाळ्याआधी त्यातला डेटा काढून घ्या.