केबल काढून हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि चार पात्यांचा पंखा: एका हंगामानंतर

मशीन 90 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), एकटंच. बोट फायबरची, वापर बहुतेक खाऱ्या पाण्यात. मूळचं स्टिअरिंग केबलचं होतं आणि पंखा ॲल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, 17 इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा कागदावर जितका पुढे जातो ते अंतर). हंगामाच्या सुरुवातीला केबल काढून हायड्रॉलिक बसवलं. काही आठवड्यांनी स्टेनलेस स्टीलचा चार पात्यांचा, 16 पिचचा पंखा चढवला. दोन्ही कामं एकदम केली नाहीत हे बरं झालं, कुठला फरक कशामुळे पडला ते वेगळं कळलं.

माझं मत आधीच सांगतो. स्टिअरिंगवर मी पूर्ण खूश आहे, पंख्यावर बऱ्यापैकी. पण हायड्रॉलिक बसवल्यावर मशीनची ओढ (चालताना चाक आपोआप एका बाजूला खेचलं जाणं) संपते असं जे सर्रास म्हटलं जातं, ते खरं नाही. ओढ तिथेच असते, फक्त हातापर्यंत पोचत नाही. हे ज्याला कळलं त्याचं मशीन जास्त टिकेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

केबलचं दुखणं बहुतेकांना माहीत असेल. केबलचा दांडा टिल्ट ट्यूबमधून (मशीन ज्या आडव्या नळीवर वर उचललं जातं तिच्यातून) जातो, त्यात खारं पाणी शिरतं, जुनं ग्रीस घट्ट होतं आणि चाक जड होत होत एक दिवस अडकतं. केबल ठेवणार असाल तर एक नेम पाळा: ग्रीस भरण्याआधी चाक फिरवून दांडा ट्यूबमध्ये पूर्ण आत घ्या. दांडा बाहेर असताना ग्रीस दाबलं तर ते त्याच्यापुढे साचतं आणि दांड्याला आत यायला जागाच उरत नाही. माझी केबल अजून चालण्यासारखी होती. पण लांबच्या फेरीत चाक सतत डावीकडे धरून ठेवावं लागायचं आणि परतेपर्यंत खांदा भरून यायचा. उजवीकडे फिरणाऱ्या पंख्याचं मशीन वर ट्रिम केलं (म्हणजे त्याचा खालचा भाग बोटीपासून बाहेर तिरका केला) की स्टिअरिंग डावीकडे ओढतं, आत घेतलं की उजवीकडे. पंखा पाण्यात थोडा तिरका फिरतो, त्यामुळे वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या पात्यांवर सारखा भार येत नाही, म्हणून ही ओढ.

हायड्रॉलिकमध्ये चाकामागे छोटा पिस्टन पंप असतो. चाक फिरवलं की तेल एका होजमधून मशीनवरच्या सिलिंडरला जातं आणि दुसऱ्या होजमधून परत येतं. पंपातल्या व्हॉल्व्हमुळे तेल उलटं फिरत नाही, म्हणून चाक सोडलं तरी मशीन आहे त्या कोनात राहतं. पहिल्याच फेरीत फरक जाणवला. एका हाताने चाक, दुसरा हात थ्रॉटलवर, आणि लाट बाजूने आली तरी चाकाला झटका नाही. फेऱ्या मात्र वाढल्या. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण साडेतीन फेऱ्या लागायच्या, आता पाच लागतात. धक्क्याला लावताना हे लक्षात ठेवावं लागतं. आऊटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं, पंखा पाणी ढकलेल तिकडेच बोट वळते आणि न्यूट्रलमध्ये वळवायला जवळजवळ काहीच नसतं. म्हणून आधी चाक पूर्ण फिरवायचं, मग गिअर टाकायचा. हा क्रम पाळला तर पाच फेऱ्यांचा त्रास होत नाही.

बसवतानाचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे हवा काढणं. सिलिंडरच्या निपलवर (हवा काढायच्या छोट्या तोंडावर) पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीत. एकाने पंपात तेल भरत राहायचं, दुसऱ्याने चाक एकाच दिशेला सावकाश फिरवायचं. नळीतून आधी फेस येतो, मग तेलात सुटे बुडबुडे, मग मिरीएवढा एखादाच, आणि शेवटी नुसतं स्वच्छ तेल. तेव्हा निपल बंद करून दुसऱ्या बाजूचं घ्यायचं. हवा राहिली तर चाक टोकाला गेल्यावर परत उसळतं. दुसरी खूण म्हणजे कोणी चाक धरून ठेवलेलं असताना मशीन हाताने ढकललं तर ते थोडं हलतं. तेल कंपनीने सांगितलेलंच वापरा. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील जातात. माझ्याकडे बसवणाऱ्याने जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. मॅन्युअलमध्ये टेप वापरू नका, पातळ थ्रेड सीलंट लावा असं स्पष्ट आहे, कारण टेपचा तुकडा तेलातून जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. सगळे जोड उघडून पुन्हा करवून घेतले, हवासुद्धा पुन्हा काढावी लागली. तुमचं काम सुरू असताना शेजारी उभे राहा. आणि शेवटी मशीन पूर्ण वर टिल्ट करून चाक दोन्ही टोकांना फिरवून बघा: सिलिंडर कुठे घासत नाही ना, होज ताणला जात नाही ना.

आता ओढीबद्दल. कॅव्हिटेशन प्लेटच्या (पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या) खाली, पंख्याच्या मागे, माशाच्या परासारखा एक छोटा टॅब असतो. तो ओढ सांभाळण्यासाठी आहे. चाक उजवीकडे हलकं जात असेल तर टॅबची मागची कड उजवीकडे सरकवायची, डावीकडे हलकं जात असेल तर डावीकडे. बोल्ट सैल करायचा, खुणेवरची एखादी रेघ सरकवायचं, घट्ट करायचं, पाण्यात जाऊन बघायचं. केबल असताना हे काम हातच करून घेतो, कारण दुखत असतं. हायड्रॉलिकवर टॅब पूर्ण चुकीचा असला तरी चाक बोटाने फिरतं आणि कोणाचंच तिकडे लक्ष जात नाही. तो सगळा भार मग सिलिंडर, त्याचे सील, ब्रॅकेट आणि मशीनच्या स्विव्हल बुशवर (मशीन डावी-उजवीकडे वळतं त्या सांध्यावर) रात्रंदिवस बसतो. शिवाय तिरका टॅब पाण्यात विनाकारण अडथळा करतो.

म्हणून मी नेहमीच्या वेगाला, नेहमीच्या ट्रिमवर, मोकळ्या पाण्यात चाक दोन्हीकडे सारखंच फिरवून बघतो. हायड्रॉलिकवरही कुठली बाजू हलकी आहे ते लक्ष दिलं तर कळतं. टॅब एकाच वेगाला आणि एकाच ट्रिमला बरोबर बसतो, तेव्हा ज्या वेगाने जास्त वेळ जाता त्यालाच लावा. बऱ्याच मशीनवर हा टॅब अॅनोडही असतो. गंज मशीनऐवजी तो स्वतःवर घेतो आणि झिजतो. झिजला की आकार जातो, आकार गेला की ओढ परत येते. त्याला रंग कधीही लावू नका, रंगाखाली अॅनोड काम करत नाही.

चाक सोडलं तर काय होतं, हेही या बदलाने पालटतं. केबलच्या किंवा हँडलच्या मशीनवर हात सुटला तर मशीन एका बाजूला वळतं आणि बोट पाण्यात पडलेल्या माणसाभोवती गोल फिरत राहते. तो पंखा परत परत त्याच्या अंगावर येतो. हायड्रॉलिकवर मशीन आहे त्याच कोनात राहतं, त्यामुळे बोट बहुधा माणसाला मागे टाकून निघून जाते. दोन्ही भयंकर. किल स्विचची (ओढली गेली की मशीन बंद करणारी) दोरी अंगाला लावल्याशिवाय मी आता मशीन चालू करत नाही आणि बरोबरच्या कोणालाही करू देत नाही.

पंख्याचं. जुना पंखा पूर्ण थ्रॉटलला 5600 आरपीएम देत होता, म्हणजे या मशीनच्या 5000 ते 6000 या मर्यादेत व्यवस्थित. पंखा किती घसरतो, म्हणजे कागदावरच्या वेगापेक्षा बोट किती कमी जाते, ते काढायचं असेल तर आधी कागदावरचा वेग काढा: (आरपीएम गुणिले पिच) भागिले (गिअर रेशो गुणिले 1215), उत्तर नॉटमध्ये. माझा गिअर रेशो 2.15 आहे. 5600 ला 17 पिच म्हणजे कागदावर 36.4 नॉट, जीपीएसवर 31. घसरण सुमारे 15 टक्के, जी या प्रकारच्या बोटीला चांगलीच म्हणायची. नवा पंखा 5450 ला 29.5 नॉट देतो, घसरण 12 टक्क्यांच्या आत. म्हणजे वरचा वेग दीड नॉटने गेला. ज्याला वेगच हवा त्याने तीन पात्यांवर राहावं.

मला जे मिळालं ते खालच्या वेगात आहे. आधी 14 नॉटच्या खाली बोट प्लेनवरून (पाण्याच्या वर उचलून धावण्यावरून) उतरायची, आता 12 ला टिकते. लाटा असताना हे दोन नॉट फार कामाचे आहेत, कारण त्या वेगाने बोट आपटत नाही. सामान आणि माणसं भरलेली असताना नाक कमी वर जातं. वळणावर पकड तर स्पष्ट वाढली. आधी थोडं वर ट्रिम असताना जोरात वळलं की पंखा वरून हवा ओढायचा, आरपीएम एकदम चढायचे आणि बोट सरकायची. याला लोक कॅव्हिटेशन म्हणतात, पण हे व्हेंटिलेशन. कॅव्हिटेशनमध्ये दाब कमी होऊन पात्यावर पाण्याचीच वाफ होते आणि ती वाफ फुटताना धातू टोकरते. जोरात वळण्याआधी ट्रिम आत घ्यायचा हे चार पात्यांनाही चुकत नाही.

स्टेनलेसची पाती पातळ असून वाकत नाहीत, पण कशाला आपटली तर झटका आत गिअरकडे जातो. पंख्याच्या मधला हब तो झटका घेण्यासाठीच असतो, म्हणून बोटीत सुटा हब आणि जुना ॲल्युमिनियमचा पंखा दोन्ही ठेवतो.

हंगाम संपत आला तसं सिलिंडरच्या एका टोकाला तेलाचा ओलसरपणा दिसू लागला. दांड्यावर मीठ वाळतं आणि ते सीलला घासतं. आता प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन दांडा फडक्याने पुसतो आणि मशीन सरळ ठेवतो. ओल वाढलेली नाही, पण सीलचा संच आणून ठेवलाय.

इलेक्ट्रिक स्टिअरिंग का घेतलं नाही, असं विचारतात. ते तंत्र मोठ्या मशीनमध्ये खरंच पुढे गेलंय. यामाहाने 2018 मध्ये 425 हॉर्सपॉवरच्या एक्सटीओमध्ये इलेक्ट्रिक स्टिअरिंग मशीनच्या आतच बसवलं, होज आणि पंप गेलेच. मर्क्युरीच्या 2021 च्या 600 हॉर्सपॉवर व्ही12 मध्ये इंजिन स्थिर राहतं आणि फक्त खालचा गिअरकेस वळतो, त्यावर एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन पंखे. सुझुकीने 2017 मध्ये डीएफ350ए ला असेच दोन पंखे दिले. एकाचा पीळ दुसरा खोडतो, म्हणजे मी वर ज्या ओढीबद्दल लिहिलं ती मुळातच मिटते. मला हा उपाय सगळ्यात आवडतो, पण 90 च्या एकट्या मशीनला तो नाही. तिथे बॅटरीवर अवलंबून नसलेलं हायड्रॉलिकच ठीक. हँडलने चालणारं छोटं मशीन असेल तर या भानगडीत पडूच नका, टॅब नीट लावा आणि स्विव्हलला ग्रीस द्या, तेवढ्यात काम होतं.