पहिलीचे पहिले आठवडे: मुळाक्षरांचा क्रम की अक्षरगट?

जूनच्या मध्यात सोलापुरात पहिलीचा वर्ग भरतो, तेव्हा बऱ्याच पालकांना आठवडाभरात वहीत ‘अ आ इ ई’ दिसायला हवं असतं. या क्रमाची सोय खरी आहे: घरी आजीलाही तो पाठ असतो, उजळणी कुणीही घेतं. पण ‘ङ’, ‘ञ’ गिरवून झाले तरी पोराला एक ओळ वाचता येत नाही.

अक्षरगटात म, क, ल, र आणि काना एवढंच आधी घेतात. तेवढ्यात ‘मामा’, ‘लाल’, ‘काल’, ‘मला’ जुळतात. वाचता आल्याचा आनंद लवकर मिळतो, म्हणून माझं मत इकडे. वही मात्र रिकामी दिसते आणि पालकसभेत बाईंना ऐकून घ्यावं लागतं!

सोलापूरच्या पूर्व भागात गोष्ट अवघड होते. पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू, शेजारी कुठे कन्नड, कुठे उर्दू. अशा मुलानं ‘काल’ बिनचूक जुळवलं, तरी अर्थ कळेलच असं नाही. तिथे दोन्ही पद्धतींच्या आधी गप्पा, गाणी, चित्रं हवीत. २०२१ च्या ‘विद्याप्रवेश’ कार्यक्रमात पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने खेळातून तयारीसाठीच ठेवले आहेत. मुळाक्षरं क्रमानं पाठ करायची तर दिवाळीनंतरही करता येतात.