स्वस्तातला चार चॅनेलचा स्कोप: रिगॉल १०५४झेड घ्यावा की सिग्लेंट ११०४एक्स-ई?

कमी पैशांत चार चॅनेलचा (एका वेळी चार सिग्नल बघता येणारा) डिजिटल स्कोप, म्हणजे विद्युत सिग्नलची लहर पडद्यावर काढून दाखवणारा ऑसिलोस्कोप, हवा म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. रिगॉल डीएस१०५४झेड ५० मेगाहर्ट्झचा, सिग्लेंट एसडीएस११०४एक्स-ई १०० मेगाहर्ट्झचा. बहुतेक जण बँडविड्थचा, म्हणजे किती वेगवान सिग्नलपर्यंत स्कोप चालतो त्याचा, हा एकच आकडा बघून निर्णय घेतात. माझ्या मते बघायचं ते आतलं फर्मवेअर, म्हणजे स्कोप चालवणारं सॉफ्टवेअर.

आधी अचूकतेचं बोलू, कारण तिथे दोघांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. रिगॉलची डेटाशीट डीसी गेनसाठी (स्थिर व्होल्टेजची उंची किती खरी दाखवतो यासाठी) १० मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजन (पडद्यावरचा एक चौकोन) आणि वरच्या रेंजला ±३ टक्के सांगते, त्याखाली ±४. सिग्लेंटचाही मुख्य आकडा ३ टक्केच. रिगॉलचे हे टक्के रीडिंगचे नसून फुल स्केलचे, म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीचे आहेत, आणि नवखे लोक नेमके इथेच फसतात. समजा ३.३ व्होल्टची सप्लाय १ व्होल्ट प्रति डिव्हिजनवर लावली. उभे ८ डिव्हिजन, म्हणजे फुल स्केल ८ व्होल्ट आणि त्याचे ३ टक्के ०.२४ व्होल्ट. स्कोपने ३.०६ दाखवलं काय किंवा ३.५४ दाखवलं काय, डेटाशीटच्या हिशेबाने तो निर्दोष! ऑफसेटची (शून्याची रेघ सरकण्याची) आणि प्रोबची (सिग्नल स्कोपपर्यंत आणणाऱ्या तारेची) चूक वर वेगळी. शिवाय ८ बिटांच्या या स्कोपमध्ये एका डिव्हिजनला २५ पायऱ्या मिळतात, म्हणजे या रेंजवर एक पायरी ४० मिलिव्होल्टची. पडद्यावर दोन-तीन दशांश स्थळं दिसली म्हणून भुलू नका. सप्लाय नेमकी किती आहे हे बघायला साधा मल्टिमीटर यांच्यापेक्षा कितीतरी भरवशाचा.

वेळेच्या बाबतीत मात्र दोघेही चोख. टाइमबेस (आतलं घड्याळ) ±२५ पीपीएम (दहा लाखांत २५ भाग), म्हणजे १ मेगाहर्ट्झला २५ हर्ट्झ इकडे-तिकडे. त्याहून जास्त कोणाला लागतं?

बँडविड्थचा आकडाही नीट समजून घ्यायला हवा. ५० मेगाहर्ट्झचा स्कोप ५० मेगाहर्ट्झच्या साइन वेव्हची उंची सुमारे ३० टक्के कमी दाखवतो. बँडविड्थची व्याख्याच ती आहे. उंचीतली चूक ३ टक्क्यांच्या आत ठेवायची तर साधारण १२ मेगाहर्ट्झपर्यंतच विश्वास ठेवावा. आणि प्रोबची कळ १०एक्सऐवजी १एक्सवर राहिली असेल तर स्कोप कुठलाही असो, ५-६ मेगाहर्ट्झच्या पुढे सगळं ढेपाळतं.

आता फर्मवेअर. रिगॉलच्या ५० आणि १०० मेगाहर्ट्झच्या मॉडेलांत हार्डवेअर तेच. फरक फर्मवेअरमधल्या कुलपाचा. ते कुलूप उघडणारे कोड इंटरनेटवर फिरतात, आणि ‘घे रिगॉल, कर १००’ हा सल्ला त्यातूनच आला. वॉरंटीचं आणि नैतिकतेचं काय ते ज्याचं त्याने बघावं, पण एक तांत्रिक गोष्ट हे सल्लागार सांगत नाहीत. रिगॉलमध्ये सेकंदाला १ गिगासॅम्पलचा (सिग्नलचे शंभर कोटी नमुने घेण्याचा) वेग चारही चॅनेलांत वाटला जातो. चारही चालू केले की प्रत्येकाच्या वाट्याला २५० मेगासॅम्पल. मग १०० मेगाहर्ट्झच्या एका आवर्तनाला अडीच सॅम्पल मिळतात आणि १२५ मेगाहर्ट्झच्या वरचं जे काही आत शिरेल ते खोटी लहर बनून पडद्यावर उमटतं. सिग्लेंटमध्ये दोन-दोन चॅनेलांना स्वतंत्र कन्व्हर्टर (सिग्नलचे आकडे करणारी चिप) असल्याने चारही चालू असताना ५०० मेगासॅम्पल मिळतात. कुलूप उघडून ही तफावत भरून निघत नाही.

याहून मोठी अडचण मोजमापाची आहे. रिगॉलची मूळ मेमरी १२ दशलक्ष पॉइंटांची, पण मोजमाप आणि सिरियल डिकोड (तारेवरून एकामागून एक येणाऱ्या बिटांचा अर्थ लावणं) चालतं ते पडद्यावरच्या १२०० पॉइंटांवर. आडवे १२ डिव्हिजन असल्याने १ मिलिसेकंद प्रति डिव्हिजनवर १२ मिलिसेकंद दिसतात, म्हणजे एक पॉइंट १० मायक्रोसेकंदांचा. १,१५,२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) यूएआरटीचा, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या साध्या सिरियल जोडणीचा, एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा असतो. पडद्याच्या एका पॉइंटात पूर्ण बिटच गडप, मग डिकोड काय करणार डोंबल? डेटा मेमरीत शाबूत असतो; स्कोप थांबवून झूम केलं की तेवढ्या तुकड्याचं डिकोड नीट दिसतं. पण लांबलचक पॅकेटमधला एखादा चुकार बाइट शोधायचा असेल तर या झूम करत सरकण्याने जीव मेटाकुटीला येतो. सिग्लेंट ही कामं मेमरीतल्या सॅम्पलांवर करतो, एफएफटीही (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी सुट्या करून दाखवणं) १० लाख पॉइंटांपर्यंत. मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्याने दोन पैसे जास्त घालून सिग्लेंटच घ्यावा, असं मी ठामपणे सांगेन.

ऑडिओ, पॉवर सप्लाय, कॉलेजचे प्रयोग एवढंच असेल तर रिगॉल पुरतो. पंखा तेवढा आवाज करतो.

बजेट थोडं ताणता येत असेल तर रिगॉलचाच २०२३ सालचा डीएचओ८०४ बघा. १२ बिट, ७० मेगाहर्ट्झ, टच स्क्रीन, आत अँड्रॉइड. २५६ ऐवजी ४०९६ पायऱ्या असल्याने मोठ्या सिग्नलवरचा बारीक रिपल (चढउतार) स्वच्छ दिसतो. पण पायऱ्या बारीक झाल्या म्हणून गेन तेवढ्याच पटीने अचूक होत नाही. आणि १.२५ गिगासॅम्पल इथेही वाटूनच मिळतात, चार चॅनेलांना ३१२.५ मेगासॅम्पल.

जुना रिगॉल घेत असाल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ओळखीतल्या कुणाकडून, तर युटिलिटी मेनूत फर्मवेअरची आवृत्ती आणि ऑप्शनची यादी उघडून बघा. काही ऑप्शन चाचणीपुरते चालू असतात आणि ठरावीक तास वापरले की बंद पडतात. अर्धा तास चालू ठेवून, सगळे प्रोब काढून सेल्फ-कॅलिब्रेशन चालवा. मग प्रत्येक चॅनेलला एकच ९ व्होल्टची बॅटरी जोडून चारही रीडिंग मल्टिमीटरशी ताडून बघा. एखादाच चॅनेल बाकीच्या तिघांपासून फटकून वागत असेल, तर तो स्कोप तिथेच ठेवून या.