जुन्या लष्करी कोटावरच्या खुणा वाचायला ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च: कुठे कामाचा, कुठे नाही

बिल्ले उतरवलेला अधिकाऱ्याचा कोट समोर आला की पहिला प्रश्न हुद्द्याचा. त्यासाठी यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च घ्या असं सर्रास सांगितलं जातं. टॉर्च घेण्यासारखा आहेच, पण हुद्दा तो सांगत नाही. कुठले टाके मागाहून पडलेत, हे मात्र फार छान दाखवतो.

घ्यायचा तर ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचाच, पुढे काळा फिल्टर असलेला. ३९५ वाल्याचा जांभळा उजेड अख्ख्या लोकरीवर पसरतो आणि दोऱ्याची मंद चमक त्यात बुडते. खोलीत मिट्ट अंधार करा, डोळे सरावायला पाचेक मिनिटं द्या, टॉर्च कापडापासून १५-२० सेंटिमीटरवर धरा. यूव्ही अडवणारा चष्मा हवाच. एका जागी झोत काही सेकंदांपलीकडे नको, जुने रंग उडतात.

दोरा निळसर पांढरा चमकला तर त्यात बहुधा ऑप्टिकल ब्रायटनर (कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून घालतात ते रसायन) आहे, आणि त्याचा सर्रास वापर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. फसगत इथेच होते. कोट पुढे कधी डिटर्जंटने धुतला असेल तर जुना सुती दोराही चमकतो. म्हणून शेजारची मूळ शिवण त्याच झोतात बघा. तीही चमकली तर दोष बहुधा धुण्याचा. फक्त बिल्ल्याचे टाके चमकले तर तो बिल्ला बहुधा नंतर शिवलेला.

हुद्द्यासाठी साधा पांढरा टॉर्च घ्या आणि उजेड खांदपट्टीवर जवळजवळ आडवा, १०-१५ अंशांत टाका. ब्रिटिश धाटणीच्या गणवेशावर बिल्ल्यांची नुसती भोकं मोजून भागत नाही. एक खूण (तारा किंवा मुकुट) सेकंड लेफ्टनंटची तशीच मेजरची. दोन असतील तर लेफ्टनंट किंवा लेफ्टनंट कर्नल, ओळीत तीन असतील तर कॅप्टन किंवा कर्नल. निकाल लागतो तो मानेकडच्या खुणेवर: तिथे मुकुटाचा गोलसर माथ्याचा ठसा असेल तर हुद्दा दोघांतला वरचा. भारतीय सैन्यात १९५० साली प्रजासत्ताकाबरोबर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि तारा पाच टोकांचा झाला. आधीचा ब्रिटिश धाटणीचा ‘बाथ तारा’ म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. लोकरीवर न उडालेल्या रंगाचा असा चौकोन दिसला, तर काळही हाती लागतो.

कॉलरच्या भोकांभोवती पांढरी पूड दिसली तर ते पॉलिश, म्हणजे बिल्ला बहुधा पितळी होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या सर्व्हिस ड्रेसवर (खाकी गणवेशावर) बिल्ले बहुधा ब्राँझचे असत, त्यांना पॉलिश करत नसत.

छातीवरच्या पदकांच्या फितींच्या पट्टीची खूण मिलिमीटरमध्ये मोजा आणि ३२ ने, म्हणजे एका फितीच्या नेहमीच्या रुंदीने, भागा. ९६ आले तर तीन फिती शेजारी शेजारी होत्या. फिती एकमेकींवर चढवून शिवल्या असतील तर हा हिशेब चुकतो, म्हणून टाक्यांच्या उभ्या ओळीही १० पट भिंगाखाली मोजा. तिथे अडकलेले दोऱ्याचे तुकडे उपटू नका. यूव्हीखाली पारखायला मूळ दोरा तेवढाच उरलेला असतो.