एफ५ दाबण्याआधी: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवायचे कुठे?

परवा राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात नव्यानं आलेल्या पोरानं विचारलं, "दादा, टर्मिनलमधनं प्रोग्राम चालतोय, पण एफ५ दाबला की डेटाबेस सापडत नाही म्हणतोय." डेटाबेसचा पत्ता त्यानं टर्मिनलमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरनं दिलेली नाव-किंमतीची जोडी) म्हणून एक्सपोर्ट केला होता. तो त्या एका टर्मिनलपुरताच. एफ५नं चालू होणारा डीबगर (चुका शोधायचं साधन) प्रोग्राम वेगळा सुरू करतो, त्याच्यापर्यंत पत्ता पोचतच नाही. मग व्हीएस कोडमध्ये, म्हणजे आम्ही कोड लिहितो त्या एडिटरमध्ये, ठेवायचा कुठे?

पहिली जागा लाँच.जेसनमधली (डीबगरनं प्रोग्राम कसा सुरू करायचा ते सांगणारी फाइल) 'एन्व्ह'. मला ही सगळ्यात आवडते, कारण काय चालू आहे ते डोळ्यांसमोर दिसतं. आम्ही फाउंड्रीवाल्यांसाठी पायथनमध्ये वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो. ऑफिसात काटा नसतो, म्हणून 'खोटा काटा' नावाचा व्हेरिएबल ठेवलाय. एका कॉन्फिगरेशनमध्ये तो चालू, दुसऱ्यात बंद. यादीतनं निवडायचं आणि एफ५ दाबायचं. सोय मोठी आहे, पण एक खाच आहे. इथली प्रत्येक किंमत प्रोग्रामला मजकूर म्हणूनच मिळते. आम्ही 'फॉल्स' लिहिलं आणि कोडमध्ये नुसती इफची अट लावली. रिकामा नसलेला मजकूर पायथनला खराच वाटतो, त्यामुळं खोटा काटा बंद होईना. अर्धा दिवस त्यात गेला. आता आम्ही किंमत थेट '१' आहे का, एवढंच तपासतो.

पासवर्ड मात्र इथं ठेवू नका. लाँच.जेसन टीमसाठी गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) जाते. एकदा पासवर्ड कमिट झाला, म्हणजे त्या इतिहासात नोंदला गेला, की ओळ पुसली तरी जुन्या कमिटमध्ये तो राहतोच. मग पासवर्ड बदलण्यावाचून इलाज नाही.

त्यासाठी दुसरी जागा: डॉट-एन्व्ह फाइल, म्हणजे नावं आणि किंमती लिहिलेली साधी मजकूर फाइल, आणि लाँच.जेसनमध्ये 'एन्व्हफाइल' म्हणून तिचा नुसता पत्ता. फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटनं वगळायच्या फाइलींची यादी) घालायची आणि सोबत किंमती रिकाम्या ठेवलेली एक नमुना फाइल कमिट करायची, म्हणजे नव्या माणसाला काय काय भरायचं ते कळतं. एकच नाव दोन्हीकडं असेल तर 'एन्व्ह'मधली किंमत चालते. डॉट-एन्व्ह वाचणाऱ्या लायब्ररीही आधीच ठरलेली किंमत सहसा बदलत नाहीत. त्यामुळं फाइलमध्ये बदल करूनही फरक पडत नसेल, तर आधी लाँच.जेसन उघडून बघा.

तिसरी जागा म्हणजे शेलची (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणारा प्रोग्राम) सुरुवातीची फाइल किंवा विंडोजच्या सिस्टीम सेटिंग्ज. प्रॉक्सी किंवा जावाचा पत्ता, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टना एकच लागतं ते इथं चालेल. डेटाबेसचा पत्ता इथं ठेवला तर एका गिऱ्हाइकाचा पत्ता दुसऱ्याच्या प्रोजेक्टला लागू शकतो, आणि ही भीती मला खरीखुरी वाटते. शिवाय विंडोजवर बदल केला की व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडाव्या लागतात.

एकट्यानं शिकत असाल तर 'एन्व्ह' पुरे. दोन माणसं जरी एका कोडवर असली, तरी पासवर्ड आणि पत्ते डॉट-एन्व्हमध्ये, डीबगचे खटके लाँच.जेसनमध्ये, असंच मी सांगेन. त्या पोरालाही तेच करायला लावलं. पत्ता डॉट-एन्व्हमध्ये गेला, लाँच.जेसनमध्ये 'एन्व्हफाइल'ची एक ओळ आली, आणि पुढच्या एफ५ला प्रोग्राम त्याच्या ब्रेकपॉइंटवर, म्हणजे त्यानं थांबायला सांगितलेल्या ओळीवर, जाऊन थांबला.