फोर्ड ८एन ट्रॅक्टरला कॉइल कुठली टाकायची, ६ व्होल्ट की १२?

आपल्याकडचे ट्रॅक्टर डिझेलचे, त्यांना इग्निशन कॉइल (बॅटरीचा व्होल्टेज स्पार्कसाठी वाढवणारी) नसतेच, पण अमेरिकेत १९४७ ते १९५२ मधले पेट्रोलवाले फोर्ड ८एन अजून शेतात चालतात आणि तिथे हा प्रश्न येतोच येतो. कंपनीतून ते ६ व्होल्टचे आले, बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला. वायरिंग अजून तसंच असेल तर गपचूप ६ चीच कॉइल टाका, १२ ची टाकली तर करंट निम्म्यावर येतो, स्पार्क एकदम मरगळतो आणि थंडीत स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते.

अल्टरनेटर लावून १२ व्होल्ट केलाय? मग ६ ची कॉइल थेट जोडू नका, ती इतकी तापते की हात ठेववत नाही आणि पॉइंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारे कॉन्टॅक्ट) काळेनिळे पडून जळून जातात. मधे रेझिस्टर टाकला की तीच चालते हे खरंय, पण मला विचाराल तर १२ चीच घ्या, जोड कमी, कटकट कमी. फक्त नुसत्या लेबलवर जाऊ नका हं. गोल कॉइल असेल तर दोन छोट्या टर्मिनलवर मल्टीमीटर धरा, ३ ओहमच्या आसपास आलं तर बिनधास्त लावा, दीडच्या आसपास आलं तर वर १२ लिहिलेलं असलं तरी बाहेरून रेझिस्टर लागणारच. (१९५० च्या आधीच्यांना डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणारा भाग, इंजिनच्या पुढे असतो, त्यांची कॉइल चौकोनी, ती वेगळीच मागा.) आणि अर्थिंग निगेटिव्ह केलं असेल, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला, तर कॉइलच्या वायरी पण उलटवा, स्विचची वायर प्लसवर.