लष्करी विमानांची तपासणी: तासांवर की तारखेवर, तळावर की केंद्रात?

पैसे आटले की हवाई दलात पहिली कात्री उड्डाणतासांना लागते. २०१३ मध्ये अमेरिकेने सरकारी खर्च सरसकट कापला, तेव्हा तिथल्या हवाई दलाला अनेक लढाऊ स्क्वाड्रन जमिनीवर बसवावी लागली. पण विमान उभं राहिलं म्हणून त्याची तपासणी टळते का? ते तुम्ही तपासणी कशावर बांधली आहे यावर ठरतं.

तास भरले की तपासणी, ही पद्धत लढाऊ विमानांना मानवते. एफ-१६ ची मोठी तपासणी अशीच ठरते. उड्डाण कमी झालं की कामही आपोआप कमी होतं. मात्र गंज तास मोजत नाही, आणि गळती रोखणारी रबरी सीलही नुसत्या वयाने कडक होतात. समुद्राकाठच्या तळावर वर्षभर न उडालेलं विमान कागदोपत्री ठणठणीत दिसेल, एवढंच. उलट सी-१३० किंवा सी-५ सारख्या मालवाहू विमानांची मोठी तपासणी अमेरिकेत ठरावीक दिवसांनी होते. त्यात गंज वेळेत सापडतो आणि हँगरचं वेळापत्रक आधीच आखता येतं, पण न उडालेल्या विमानावरही तेवढेच मनुष्यतास खर्ची पडतात. उड्डाणं निम्म्यावर आली असतील तर मी इंजिन तासांवर आणि सांगाडा तारखेवर ठेवेन.

आता जागेचा प्रश्न. प्रत्येक तळावर तपासणी ठेवली तर जॅक, मचाण आणि कुशल माणसं जागोजागी लागतात. तीन-चार तळांचं काम एका केंद्रात आणलं तर तीच टोळी तेच काम पुन्हा पुन्हा करते, हात बसतो, दिवस वाचतात. बदल्यात विमान तिथे नेण्या-आणण्याचं इंधन जातं आणि तळावरच्या तंत्रज्ञांचा खोल कामाचा सराव सुटतो. त्याहून मोठा धोका म्हणजे केंद्रातली चूक सगळ्या ताफ्यात पसरते. १० जुलै २०१७ रोजी मिसिसिपीत अमेरिकी मरीन कोअरचं केसी-१३०टी हे मालवाहू विमान कोसळून १६ जण गेले. प्रॉपेलरच्या पात्यावरचा गंज २०११ च्या दुरुस्तीत जॉर्जियातल्या वॉर्नर रॉबिन्स या हवाई दलाच्या दुरुस्ती केंद्रात काढला गेला नव्हता. म्हणून केंद्र निवडायचं तर दुसऱ्या माणसाची फेरतपासणी कापू नका. वाचलेल्या पैशातला पहिला हिस्सा तिचाच.

या दोन्ही वादांत एक तिसरा पर्याय मागे पडतो. तो म्हणजे तपासणीच्या यादीलाच हात घालण्याचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्या हवाई दलाच्या विभागात, शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांच्या गटाने बिघाडांच्या नोंदी मांडल्या, तर दर ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत आणि मग ओसरत. चांगलं चाललेलं उघडून बसवण्यातच दोष शिरत होता! तपासणीचं अंतर आणि कामं बदलल्यावर प्रत्यक्ष उड्डाणतास सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. पुढे १९७८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी नॉलन आणि हीप यांनी लिहिलेल्या अहवालात विमानाच्या ८९ टक्के भागांना वयोमर्यादा लावून, म्हणजे ठरावीक वापरानंतर ते बदलून किंवा उघडून, काही फायदा नसल्याचं दिसलं.

तेव्हा हँगर हलवण्याआधी यादी चाळा. कोणतं काम कोणता बिघाड अडवतं, हे नोंदींतून दाखवता येत नसेल तर ते वगळण्यासाठी अभियंत्यांकडे पाठवा. हिशेबनिसाकडे नव्हे. एवढं करूनही पैसे अपुरे असतील आणि ताफा लहान व विखुरलेला असेल, तर केंद्र परवडतं. एकाच तळावर लढाऊ विमानांची मोठी संख्या असेल तर तपासणी तिथेच राहू द्या.